नांद्रुकाला बांधलेलं गवत

फाल्गुन लागला की गावाच्या आधी माझ्या फोनमध्ये जत्रा भरते. कुणाला कुस्त्यांचा आखाडा भरवायचा असतो, कुणाला टेनिस बॉलच्या मॅचेस घ्यायच्या असतात, कुणाच्या भजनी मंडळाला दहानंतर फक्त अर्धा तास हवा असतो. "ताई, त्यो अर्ज कसा लिवायचा?" एवढंच सगळ्यांचं विचारणं. मी सांगते. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, पोलीस ठाण्याला पत्र, लाउडस्पीकरचं वेगळं पत्र, आरोग्य केंद्राला एक, वायरमनला एक. सोबत जागेचा हाताने काढलेला नकाशा. त्यात येण्याची वाट दाखवायची, जाण्याची वाट दाखवायची, आणि गडबड झाली तर पळायची वाट दाखवायची. ही तिसरी वाट लोक हमखास विसरतात.

यंदा हिंजवडीच्या एका कंपनीतली मुलं आली आहेत. त्यांना आमच्या डोंगरांतून शर्यत न्यायची आहे. मागे कुणी लागलेलं नसताना माणसं इतक्या लांबून पळायला येतात, याचं वाडीवर अजून हसू होतं. अर्ज तपासायला दिलेली त्यांची फाइल माझ्या टेबलावर पडली आहे. कागद गुळगुळीत, प्रत्येक पानावर कोपऱ्यात पळणाऱ्या माणसाचं चित्र. नकाशा हाताने काढलेला नाही, आकाशातून घेतलेला आहे. त्यावर आमचा माळ पिवळसर दिसतो, नाला रेघेएवढा आणि माळाच्या टोकाचं नांद्रुकाचं झाड म्हणजे हिरवा ठिपका. मी त्या ठिपक्यावर बोट ठेवते आणि चार वर्षांपूर्वीचा फाल्गुन बोटाला लागतो.

त्या फाल्गुनाचा वास अजून नाकात आहे. करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा गोडसर वास, आणि त्यात कुठल्या तरी डोंगरावर लागलेल्या वणव्याचा. भातखाचरांना भेगा पडल्या होत्या. धरणाचं पाणी खाली सरकत होतं आणि काठाच्या लाल मातीवर प्रत्येक आठवड्याची एकेक रेघ मागे ठेवत होतं. नांद्रुकाला फळं धरली होती. सकाळी हिरव्या हरियलांचा थवा येऊन बसला की झाडच खाऊ लागलंय असं वाटायचं, कारण पक्षी पानांत दिसायचेच नाहीत, फक्त फळं टपटप खाली पडायची.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. ही काही शोभेची गोष्ट म्हणून सांगत नाही. खरोखरच लहानपणी मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर झोपत असे. आई पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि तिच्या पाळीतल्या बायकांची पत्रकं तीच लिहायची. मला अक्षरओळख झाली ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. कागदाला तीन घड्या कशा घालायच्या, अंगठ्याच्या नखाने घडी कशी बसवायची, बसमध्ये कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणाच्या पिशवीत गुपचूप सरकवायचं, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. आमच्या घरी साखर संपायची, पण उद्गारचिन्हं कधी संपली नाहीत.

आईचा एक नियम होता. सभेची परवानगी मागायची नसते, सभा कळवायची असते. लोकांनी लोकांशी बोलायला सरकारचा शिक्का कशाला, असं ती म्हणायची. तिचं हे म्हणणं मला अजूनही पटतं. शिक्क्यासाठी हात जोडून उभा राहिलेला माणूस दाराबाहेर येतो तेव्हा थोडा लहान होऊनच येतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तर त्या वर्षी आम्हाला माळावर सभा घ्यायची होती. वरच्या वाडीतल्या कातकरी कुटुंबांचे रानावरच्या हक्काचे दावे कितीतरी दिवस धूळ खात पडले होते. ज्या रानातून त्यांनी पिढ्यान् पिढ्या मध, डिंक, कंद आणला, तिथेच त्यांना चोरासारखं फिरावं लागत होतं. मी पत्रक लिहिलं. मथळा होता 'रान आमच्या हक्काचं!' खाली 'हजारोंच्या संख्येने नांद्रुकाखाली जमा'. संध्याकाळची वेळ, ढोल, आणि शेवटी मशाली घेऊन माळाला फेरी. माझ्याबरोबर प्रवीण होता. हा आमच्याच गावचा, पिरंगुटला मशीनवर काम करणारा, उत्साहाने फुटायला आलेला मुलगा. पत्रकं छापून आली आणि मग मी ठाण्यात अर्ज घेऊन गेले. अर्ज कसला, आईच्या नियमाप्रमाणे कळवणंच होतं ते.

हवालदारांनी एका हातात अर्ज धरला आणि दुसऱ्या हातात पत्रक. पत्रक त्यांना कुठून मिळालं कोण जाणे.

"ताई, पत्रकात हजारो. अर्जात अंदाजे दीडशे. मी बंदोबस्त कुनाचा लावू?"

"दीडशेचा."

"मंग उरलेल्या हजारोंनी काय करायचं? त्येंना घरी बसवायचं?"

मागच्या बाकावर बसलेला कुणीतरी हसला. हवालदारांनी पेन काढलं आणि एकेक विचारायला लागले. प्यायच्या पाण्याचं काय? सावली किती? बायकांसाठी आडोसा? वाडीवरनं म्हातारीकोतारी येतील, कुणाला चक्कर आली तर गाडी कुठपर्यंत येईल, आणि ती गाडी तुमच्या गर्दीतनं बाहेर कशी निघेल? मी प्रत्येक प्रश्नाला छळ समजत होते. सभा अडवायचे हे जुनेच डाव आहेत, असं मनात म्हणत मी यादी लिहून घेतली आणि बस पकडली.

बसमध्ये यादी मांडीवर होती. पिरंगुट गेलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या आणि मला एकदम आठवलं की ही यादी मी आधी वाचली आहे. प्यायचं पाणी. सावली. बायकांची सोय. दाराशी रुग्णवाहिका. बाहेर पडायला मोकळी वाट. हे सगळं आईच्या पत्रकात होतं. तिने कारखान्याकडे मागितलं होतं ते हेच. त्यासाठी ती गेटवर बसली होती. आणि मी, तिची मुलगी, माझ्या सभेला येणाऱ्या माणसांसाठी यातलं एकही योजलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी घोषणा योजल्या होत्या.

शिक्क्याचा मला राग होता आणि आहे. पण त्या दिवशी मला कळलं की शिक्का वेगळा आणि यादी वेगळी. यादी सरकारची नाही. जो कुणी चार माणसांना 'या' म्हणतो, त्याची ती आहे. शहरातल्या सोहळ्यांत पाय मुरगळला तरी पांढरी गाडी तयार असते. वाडीवरचं माणूस मात्र आजही झोळीत घालून खाली आणावं लागतं. मग वाडीच्या नावाने भरणाऱ्या सभेत तरी तिच्यासाठी गाडी उभी नको का? तो माझा राग होता, आणि पहिल्यांदाच त्या रागाला काहीतरी करायला सापडलं.

मग मी आणि प्रवीणने कंबर कसली. पाण्याचा टँकर सांगितला. आडोशाला ताडपत्री मिळवली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना भेटलो. मी नकाशा काढला आणि तीन वाटा तीन रंगांत दाखवल्या. एका सोमवारी माळ झाडून काढला, दगड वेचले, नांद्रुकाखालचा पालापाचोळा गोळा केला. खोडाला कमरेच्या उंचीवर वाळक्या गवताची एक वेणी गुंडाळलेली होती, कधीतरी जनावर बांधल्यासारखी. मला तिथे फलक बांधायचा होता. मी गाठ सोडली, गवत पाचोळ्यात टाकलं आणि फलकाची दोरी आवळली. 'रान आमच्या हक्काचं!' लांबून फार छान दिसत होतं.

बुधवारी हवालदार जागा बघायला मोटरसायकलवर आले. त्यांनी टँकरची जागा पाहिली, गाडीची वाट चालून पाहिली, मान डोलावली. "ब्येस केलंय की," म्हणाले. मी उगाच सुखावले. मग त्यांनी घाम पुसायला टोपी काढली, आणि टोपी काढलेल्या माणसाची मान आपोआप वर जाते.

"हे काय हाय?"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. नांद्रुकाच्या आडव्या फांदीला, माणूसभर रुंदीचं, काळसर, मध्येच अंगावर शहारा आल्यासारखं लहरणारं आग्या मोहोळ लटकत होतं.

"मोहोळ हाय," प्रवीण म्हणाला. "दर वर्षी असतंय."

"आन नकाशात?"

मी नकाशा उलगडला. झाडाच्या जागी नुसता गोल.

"दर वर्षी असतंय म्हनून नकाशात न्हाई, व्हय?" हवालदार टोपी घालत म्हणाले. "खाली ढोल, मशालीचा धूर, दीडशे मानूस. आरं, माझ्या मावसभावाच्या लग्नात मोहोळाला फटाक्याचा धूर लागला. नवरदेव विहिरीत उडी टाकून बसला, अक्षदा तितं वरनं टाकल्या. हे काढा, मंग शिक्का."

गावात त्या मोहोळाची माहिती नाही असं एकही माणूस नव्हतं. आम्ही शाळेत त्याच्याखालून गेलो होतो. म्हणूनच ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही मांडलं नाही. शिवाय नकाशा काढताना आपण स्वतःला आभाळात नेऊन ठेवतो. तिथून झाड म्हणजे एक गोल. फांदीच्या खाली जे लोंबतं, ते वरून बघणाऱ्याला दिसत नाही.

"पिरंगुटला औषध मारनारा हाय," प्रवीण मला म्हणाला. "एक फवारा, काम खल्लास. उद्या दुपारी येतो म्हनतोय. सांगू?"

मी 'सांग' म्हणाले. हे मला लपवायचं नाही. पत्रकं वाटायला सुरुवात झाली होती, माणसं येणार होती, दावे अडले होते, आणि माझ्या मनात सभेपुढे माशा फार लहान होत्या. रानाच्या हक्काच्या फलकाखाली उभी राहून मी ते बोलले.

गुरुवारी सकाळी सोनाबाई मोळी घेऊन माळावरून उतरली. सोनाबाई वरच्या वाडीतली, पन्नाशीची, काटक. दाव्यांच्या कागदांवर पहिला अंगठा तिचाच होता. ती नांद्रुकाशी थबकली आणि तिने डोक्यावरची मोळी खाली ठेवली. मोळी घेतलेली बाई उगाच मोळी खाली ठेवत नाही. परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं.

"हितलं गवत कुनी काढलं?"

"कुठलं गवत, मावशी?"

"खोडाला बांधल्यालं."

"मी काढलं. फलक बांधायचा होता."

तिने फलकाकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. फक्त म्हणाली, "आन ह्याच्याच खाली माजं गवत व्हतं."

मग तिने सांगितलं. रानात मोहोळ जो पहिल्यांदा बघतो, तो झाडाला गवत बांधतो. गवत बांधलं की ते मोहोळ त्या घराचं. मग कितीही मध दिसू दे, दुसरा कुणी हात लावत नाही, आणि नवखा माणूसही समजतो की वर काहीतरी आहे, खाली जाळ करायचा नाही. प्रत्येक घराच्या वेणीचा पीळ वेगळा. हे नांद्रुक तिच्या सासऱ्यापासून तिच्या घराचं. चैत्राच्या अवसेला तिचा लेक वर चढतो, आणि त्या मधावर पावसाळ्यातल्या बंद दिवसांची चूल चालते. दुसरं मोठं मोहोळ आता जवळपास राहिलेलं नाही. बाकीची झाडं प्लॉटिंगमध्ये गेली.

"पण पुन्हा बांधता येईल ना?" मी विचारलं.

तिने फलकाच्या खाली, बुंध्याशी बोट दाखवलं. तिथे दुसरी वेणी होती. नवी, हिरवट, तिच्यात करवंदीची काडी खोवलेली.

"पांडूची हाय. कड्यापलीकडल्या वाडीचा. काल-परवा गेला आसंल हितनं. खूण दिसली न्हाई, त्यानं बांधली. त्येची चूक न्हाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसेना. मी तीन दिवसांपूर्वी एक गाठ सोडली होती आणि एका घराचं झाड गेलं होतं. एकाही दप्तरात त्याची नोंद होणार नव्हती. जंगल खात्याने हे केलं असतं तर मी पत्रक काढलं असतं.

त्यात अजून एक सांगायचं राहिलं होतं. "मावशी, दुपारी औषध मारणारा येणार आहे."

आता मात्र ती बसली. मोळीवरच बसली. "मारल्या तर ह्या झाडाला परत येत न्हाईत त्या. मेल्याचा वास ऱ्हातो झाडाला. मंग माजं काय आन पांडूचं काय."

"सभा आहे हो. पत्रक छापून झालंय."

"माशांनी वाचलं का?"

एवढंच ती म्हणाली. मी मोठ्या मोठ्या वक्त्यांना व्यासपीठावर ऐकलं आहे. माझ्या पत्रकाला इतकं थेट उत्तर कुणी दिलेलं नाही.

मागून आलेल्या प्रवीणचा फोन घेऊन मी औषधवाल्याला नको म्हणून सांगितलं. प्रवीण चिडला. "सभा मोठी का माशी मोठी, सांग बरं?" सोनाबाई म्हणाली, "वर जाऊन इचार." प्रवीणने वर पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकला.

त्या दिवशीची ती सकाळ मी कधी विसरणार नाही. सोनाबाईने आम्हाला नाल्यापलीकडच्या कातळावर नेलं. मोठा, सपाट, काळा दगड. तिथे पूर्वी नाचणी मळायचे. तिने मूठभर भुसभुशीत माती घेतली आणि हातातून सोडली. माती नांद्रुकापासून लांब उडाली. "फागुनात वारं सकाळी वरनं खाली येतं. दुपार कलली की उलटतं. सभा सकाळची घ्या. आपला वास त्येंच्याकडं जाया नको." मग बोटं मोडत सांगत गेली. ढोल नको, फांदी हादरते. मशाल नको. बिड्या नकोत. बाया वासाचं तेल लावून यायच्या न्हाईत, आन बापय अत्तर. कुणी पोरगं दगड मारणार न्हाई, ह्यासाठी एक माणूस नांद्रुकाकडल्या वाटेवर बसवा. आणि येवढं करून उठल्याच माशा, तर पळायचं नाल्यानं खाली, झाडीत, डोक्यावर घोंगडं घेऊन. मोकळ्या माळावर न्हाई.

ही चौथी वाट होती. माझ्या तिन्ही रंगांत ती नव्हती. मी नवीन नकाशा काढला, या वेळी जमिनीवर उभी राहून, मान वर करून.

ठाण्यात हवालदारांनी नवा अर्ज वाचला. "अट क्रमांक सात. अत्तर व सुगंधी तेल लावून येऊ नये." त्यांनी चष्मा वर केला. "ही आमच्या यादीत न्हाई. कुनी घातली?"

"सोनाबाईंनी."

"त्या कोन?"

जागेच्या मालकाच्या रकान्यात ग्रामपंचायत लिहिलेलं होतं. मी म्हणाले, "झाड त्यांचं आहे."

हवालदारांनी चष्मा परत खाली घेतला. त्यांनी शिक्क्यावर फुंकर मारली आणि तो उठवला. "अशा अटी घालनारं कुनी आमच्याकडं असतं, तर नवरदेव विहिरीत गेला नसता."

पत्रकांचं काम उरलं होतं. ज्यांना ती आधीच मिळाली होती, त्यांना प्रवीण दारोदार जाऊन सांगत होता. उरलेले सगळे गठ्ठे आईने समोर घेतले. 'नांद्रुकाखाली' खोडायचं आणि वर 'कातळावर' लिहायचं. 'संध्याकाळी' खोडून 'सकाळी'. 'मशाली' नुसतं खोडायचं. आई एकेका कागदावर झुकून, शाळकरी अक्षरात लिहीत होती.

"छापलेला शब्द खोडायचा नाही, असं तू म्हणायचीस," मी म्हणाले.

"मी कधी म्हणाले?"

"नेहमी."

"मालकापुढं खोडायचा नसतो," ती मान वर न करता म्हणाली. "ही माणसं काय मालक आहेत?" थोड्या वेळाने तिने 'हजारोंच्या संख्येने' या शब्दांवरही एक बारीक रेघ मारली. मी तिच्यापुढे पुढचा गठ्ठा सरकवला.

सभा झाली. कातळ अजून रात्रीचा गार होता. लाउडस्पीकर लावला नव्हता, म्हणून माणसं जवळजवळ बसली, गुडघ्याला गुडघा लावून. पुढच्याने ऐकलेलं वाक्य तो मागच्याला सांगायचा, मागचा त्याच्या मागच्याला. वाक्य शेवटच्या रांगेला पोचेपर्यंत वक्त्याने थांबायचं. मी लांबलचक भाषण तयार केलं होतं. पहिलंच वाक्य शेवटी बसलेल्या म्हातारीपर्यंत जायला इतका वेळ लागला की मला त्यातले तीन शब्द अनावश्यक होते हे दिसलं. दुसऱ्यात पाच. नाल्यापलीकडे नांद्रुक शांत उभं होतं, आणि त्या मधल्या थांब्यांत माशांचा घुमारा बारीक ऐकू यायचा, कुणीतरी लांब जातं फिरवत असल्यासारखा.

दाव्यांचं बोलणं झालं, ठराव झाला, कोण कागद घेऊन जाणार ते ठरलं. मग मी उभी राहिले आणि म्हणाले, "नांद्रुकाची खूण मी सोडली. मला ती कचरा वाटली."

वाक्य रांगारांगांतून मागे गेलं. ते जाताना मी प्रत्येक चेहरा वळताना पाहिला. भाषण करताना मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मागून एक उंच, हडकुळा माणूस उठला. तो पांडू होता. "खूण नव्हती म्हनून म्या बांधली. म्या चोर न्हाई."

"चोर कोन म्हनलं तुला?" सोनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुज्या डोळ्याला दिसली न्हाई, कारन नव्हतीच."

"मंग झाड कुनाचं?"

कायद्याने झाड कुणाचं ते मला पाठ होतं. पण तिथे विचारलेल्या प्रश्नाला माझं पाठांतर उपयोगाचं नव्हतं. पांडूच्या बाजूने नियम होता. सोनाबाईच्या बाजूने फक्त माझी चूक होती. मी मनात म्हटलं, नियमानेच गेलं तर तिच्या घरात पावसाळ्यात काय शिजेल?

पांडू सोनाबाईकडे वळला. मग म्हणाला, "एक डबा मध माजा. पोरगी बाळंतपनाला आलीया."

"दोन ने," सोनाबाई म्हणाली. "पन पोळं सगळं कापायचं न्हाई. आंड्याचा भाग ठेवायचा."

"ते काय मला सांगतीस?"

लोक हसले. झालं एवढंच. ना पंचनामा, ना शिक्का.

सभा मोडल्यावर आम्ही मोजके जण अलगद नांद्रुकाशी गेलो. पांडूने आपली वेणी सोडली. ती त्याने टाकली नाही, खिशात ठेवली. मी फलक काढला. सोनाबाईने बांधावरचं गवत उपटलं, मांडीवर पीळ दिला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"सोडलंस तू. बांद तूच."

मला जमेना. कागदाला घडी घालणारी माझी बोटं गवतापुढे आडमुठी झाली. पीळ उलटा पडे, गाठ घसरे. सोनाबाईने माझ्या हातावर हात ठेवून ती बसवली. तिची बोटं खरखरीत आणि ऊन होती. वर फांदीवर ते काळं अंग एकदा लहरलं आणि पुन्हा स्थिर झालं.

त्या दाव्यांतले काही पुढे मंजूर झाले. बरेच अजून अडकलेले आहेत. त्यासाठी मी आजही भांडते, आणि पत्रकंही लिहिते. उद्गारचिन्हं थोडी कमी झाली आहेत, एवढंच. अर्ज लिहून मागणाऱ्यांना मी आधी एकच विचारते, की जागेवर जाऊन वर बघितलं का? पोरांना ती माझी चेष्टा वाटते. कुस्तीवाले तर फोन लागला की स्वतःच सांगतात, "वर बघितलंय, ताई. वर निस्तं आभाळ हाय."

काल मी कंपनीच्या मुलांना माळावर नेलं. दोघे जण होते, चांगल्या मनाचे, पायात रंगीत बूट. सोनाबाई नांद्रुकापासून जरा लांब दगडावर बसली होती. आता तिचे गुडघे दुखतात, मोळी सून आणते. यंदाही मोहोळ आलं आहे, त्याच फांदीला. मुलं सगळं सांगत होती. शर्यत सुटताना म्युझिक, वाटेत पाण्याचे टेबल, वरून ड्रोनने शूटिंग.

"डोन म्हंजे?" सोनाबाईने विचारलं.

"उडणारा कॅमेरा, आजी."

"कुटं उडनार?"

मुलाने हसत वर बोट केलं, आणि बोटाच्या मागे मान नेली नाही. "मॅम, परमिशन मिळेल ना? डेट ऑलरेडी अनाउन्स केलीय आम्ही."

मी उत्तर देण्याआधी दुसरा मुलगा नांद्रुकाकडे गेला होता. त्याच्या हातात केशरी रिबिनीचं भेंडोळं होतं. पळणाऱ्यांना वाट कळावी म्हणून वाटेवरच्या झाडांना ते अशा रिबिनी बांधतात. त्याने खोडाभोवती हात घातला. मध्ये वाळक्या गवताची वेणी आली. त्याने ती बाजूला करायला बोट घातलं.

मी इतक्या झपाट्याने पोचले की माझी चप्पल मागे राहिली. मी त्याचं मनगट धरलं. तो दचकला.

"काय झालं, मॅम? कचरा आहे तो."

मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. आईच्या घरात वाढलेली मी, माझ्या तोंडात एक पूर्ण पत्रक तयार होतं. पण मागे सोनाबाई दगडावर थोडी सरकून बसली आणि तिने शेजारची जागा हाताने झटकली.

"सोड त्याला," ती मला म्हणाली, आणि मग मुलाकडे वळली. "ये, बस हितं. आन मला सांग, मानसं किती येनार हायेत?"